वेलांटीवरचा रफार

२ डिसेंबर

बाई म्हणाली, भिंतीशी बडबडत बसण्यापेक्षा वहीत लिहीत जा, घरातल्यांच्या कानांना तेवढाच आराम. बाई म्हणजे माझी आई, सायरबाई. आमच्याकडे तिला सगळेच बाई म्हणतात. तर घ्या, लिहितो.

आजपासून 'गिरणा' लीलाधरच्या मेडिकलमध्ये चालू झाला. गिरणा हा मी काढलेला मराठी फॉन्ट. औषधाच्या पाकिटावर चिकटवायच्या बारक्या लेबलासाठीच काढला. कुठली गोळी, केव्हा, किती, सगळं स्वच्छ मराठीत छापून येणार. आजवर लीलाधर पाकिटावर पेनानं जे खरडायचा ते संध्याकाळी त्याला स्वतःलाही लागायचं नाही. जळगावातलं हे पहिलं दुकान. जमलं तर धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्याचं औषधांचं काऊंटर आपल्याला मिळेल.

पप्पा दाणाबाजारातून आले आणि जेवताना म्हणाले, "अक्षरं विकतो म्हणे आमचा जिनेश. किलोनं की डझनानं?" सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

५ डिसेंबर

डोकं फिरलंय. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर अक्षर कसं नटूनथटून येतं, आणि लीलाधरच्या त्या जुनाट लेबल-प्रिंटरवर नुसता चिखल. लीलाधर म्हणतो, "जिनेशभाऊ, याच्यापेक्षा माझं पेन बरं होतं." त्याला म्हटलं, जरा दम धरा.

दोष त्याचा नाही, यंत्राचाही नाही. मी अक्षर काढतो वळणांनी, आणि प्रिंटरला वळण कळत नाही, ठिपका कळतो. लेझरकडे ठिपके ढीगभर, तो कसंही निभावतो. या लेबलवाल्याकडे मोजके. पंगतीत पाट कमी आणि पाहुणे जास्त, अशी गत. मग कुणी कुठं बसायचं, कुणी अंग चोरायचं, कुणी कुणाच्या मांडीला मांडी लावायची, हे फॉन्टमध्येच अगोदर सांगून ठेवावं लागतं. त्यालाच हिंटिंग म्हणतात. ज्या त्या यंत्राला त्याच्या ऐपतीप्रमाणे सांगायचं. पप्पांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे वाढप्याचं काम."

सगळ्यात जास्त छळतात ती डोक्यावर बसणारी मंडळी. 'अर्धी' हा शब्द घ्या. दुसरी वेलांटी, आणि तिच्या डोक्यावर रफार. लीलाधरच्या यंत्रावर दोघं मिळून एक काळा डाग होतात, माशी बसल्यासारखा. आणि औषधाच्या लेबलावर 'अर्धी' तर घडोघडी येणार.

८ डिसेंबर

सुटलं. नवा नियम घातला: अक्षर बारीक असेल आणि यंत्र गरीब असेल, तर रफारानं वेगळी जागा मागायची नाही, वेलांटीच्या टोकाला टेकून बसायचं. डाग गेला. लेबल असं स्वच्छ आलं की लीलाधरनं त्याच्या बायकोला आतून बोलावून दाखवलं.

डिंपलनं मात्र नाक मुरडलं. डिंपल म्हणजे माझ्या कामातली अर्धी वाटेकरीण. रावेरकडची, केळीवाल्या पाटलांच्या घरची. लेबलावरची सगळी मराठी वाक्यं तिनंच तयार केलीत. म्हणाली, "जिनेशभाऊ, रफार दिसतोय का हा?"

"टोकाला एक ठिपका जास्त आहे बघ."

"मला माहीत आहे म्हणून मला दिसतो. ज्याला माहीत नाही त्याचं काय?"

वाद घालायला वेळ नव्हता. म्हटलं, ज्याला माहीत नाही अशा माणसालाच विचारू. लेबल घरी आणलं आणि बाईच्या हातात दिलं. बाई सत्तरीच्या पुढे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. याहून कडक परीक्षक कुठून आणू? तिनं लेबल खिडकीशी धरलं आणि चष्मा न लावता आमच्या मारवाडीत वाचलं, "सुबै आधी गोळी." वर म्हणाली, "किण री दवाई है?"

डिंपलला तिथूनच फोन केला. "बाईनं चष्म्याशिवाय बरोबर वाचलं." ती म्हणाली, मग ठीक आहे. विषय संपला.

१४ डिसेंबर

काही विशेष नाही. भरीत-पुरी खाऊन पोट बिघडलं. पप्पांना सांगायची सोय नाही, ते वांग्याला शिवतही नाहीत.

२० डिसेंबर

डिंपल आठवडाभर नव्हती. तिच्या वडिलांना, तोतारामनानांना, हृदयाच्या त्रासानं इथं जळगावातच दवाखान्यात ठेवलं होतं. आज घरी सोडलं. मी भेटून आलो. उंचेपुरे, मिशीवाले, कॉटवर मावत नव्हते. मला म्हणाले, "या जिनेशशेठ. पोरगी म्हनते तुमी अक्षरं पेरता. पीक कवा येते?" हसलो दोघंही. मला हा माणूस फार आवडला, अगदी पहिल्या भेटीत.

डॉक्टरांनी एक नवी बारीक गोळी सुरू केलीय, हृदयाचा ठोका ताळ्यावर ठेवणारी. बजावून सांगितलं म्हणे, जपून द्यायची गोळी आहे, कमीजास्त चालणार नाही. औषधं तिच्या भावानं, चंदननं, लीलाधरकडून घेतली. म्हणजे आमच्या लेबलाची. डिंपलची आई सुमनबाई चौथी शिकलेल्या. पाकीट डोळ्यांजवळ नेऊन हळूहळू वाचत होत्या. मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "डाक्टरचं लिव्हेल कोनाले कयते, माय? हे मले कयते. आता मी कोनाले इचारनार नाई."

ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. हे पप्पांनी ऐकायला हवं होतं.

४ जानेवारी

धुळ्याला जाऊन आलो. काऊंटरवर पिनांचा प्रिंटर आहे, टकटक टकटक करत शाई-रिबिनीवरून छापणारा. म्हणजे तिसऱ्याच जातीचं यंत्र. त्याच्या पिना मोजक्या आणि बोथट, रेघा पसरतात. परत सगळी पंगत नव्यानं बसवायची. तिथले साहेब म्हणाले, फेब्रुवारीत दाखवा. दाखवतोच.

११ जानेवारी

डिंपल रविवारी घरी जाऊन आली. नानांना जेवण जात नाही म्हणे, मळमळतं. मी म्हटलं, दवाखान्यातून आलेल्या माणसाचं तोंड महिनाभर कडूच असतं. बाईचंही असंच झालं होतं.

धुळ्याच्या यंत्रावर 'क्ष' फुटतोय. दिवसभर तेच.

१६ जानेवारी

डिंपल म्हणाली, नानांच्या त्या गोळ्या ठरल्यापेक्षा लवकर संपल्या, चंदन नवीन घेऊन गेला. "लीलाधरभाऊंनी कमी दिल्या असतील का?" मी म्हटलं, तो एका हातानं गोळ्या मोजतो आणि दुसऱ्या हातानं फोनवर बोलतो, चुकला असेल. तिला म्हटलं, तू आता 'क्ष'कडे बघ.

२५ जानेवारी

नानांना सगळं पिवळं दिसतंय. डिंपल सांगताना अर्धी हसत होती, अर्धी घाबरलेली. नाना अंगणात बसून सांगतात, "भीतबी पिवयी, म्हैसबी पिवयी, तुह्या मायचं तोंडबी पिवयं." घरच्यांचं ठरलं की ही कावीळ. गावात कुणी कावीळ उतरवतात, त्यांच्याकडे नेऊन गळ्यात माळ घातली. डिंपलला राग आला होता, पण आईपुढे तिचं काय चालणार?

मी म्हटलं, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं हे आपण बोलण्यात म्हणतो, खरं असतं की काय कुणास ठाऊक. तिला म्हटलं, डॉक्टरला दाखवून घे. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच. मीही मग फार जोर धरला नाही. माझ्या डोक्यात धुळे होतं.

२ फेब्रुवारी

तपासणीला नाना आलेच नाहीत. उठवत नाही म्हणे, नुसते पडून असतात, हाक मारली तर चंदनला दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन ओ देतात. चंदन गाडी करून आणणार होता, तर सुमनबाई म्हणाल्या, माळेचे दिवस पुरे होऊ द्या.

डिंपलचं कामात लक्ष नाही. मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं. धुळ्याची तारीख डोक्यावर आहे आणि मी एकटा पडलोय.

११ फेब्रुवारी

सकाळी तोतारामनाना गेले.

चंदनचा फोन आला. पहाटे गाडीत घातलं, भुसावळच्या अलीकडेच संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतंच. मी गेलो तेव्हा घरी आणलं होतं. एवढा मोठा माणूस, पार चिपाडासारखा झाला होता. डिंपल माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, धुळ्याचं राहिलं." या वेळीही हिला धुळे आठवावं? म्हटलं, त्याची काळजी करू नकोस, मी बघतो.

१३ फेब्रुवारी

बाईला घेऊन दारावर, म्हणजे सांत्वनाला, जाऊन आलो. बाई आणि सुमनबाई शेजारी बसल्या होत्या. एकीची मारवाडी, दुसरीची लेवा बोली, पण दोघींना एकमेकींचं कळत होतं. बाई परत येताना गाडीत म्हणाली, बाईमाणसानं इतकी सेवा केली, तरी गेला.

१६ फेब्रुवारी

दुपारी डिंपलचा मोबाइलवर फोटो आला. एका लेबलाचा तुकडा, त्यात एकच शब्द दिसेल असा कापलेला. खाली लिहिलेलं: "भाऊ, पटकन सांगा, काय वाचलं?"

मी लिहिलं: "आधी. चांगला स्पष्ट आलाय. का?"

तिचं उत्तर: "काही नाही."

सुतकातही हिला काम सुटत नाही. मी लिहिलं, आराम कर.

१९ फेब्रुवारी

धुळ्याचे साहेब म्हणाले, आहे तसं चालू करून टाका, लोकांची ओरड आहे. मी म्हटलं, माझी सहकारी रजेवर आहे. ते म्हणाले, मग काय तिच्यासाठी थांबू का? मी चालू केलं. डिंपलला सांगितलं नाही, तिला कशाला आता त्रास.

पिनांच्या यंत्रावर 'गिरणा' काय दिसतो. रफाराचा नियम इथंही तोच ठेवला.

२१ फेब्रुवारी

धुळ्यातल्या लॉजवर बसून लिहितोय. क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं नव्हतं झालं.

सकाळी काऊंटरशी उभा होतो, आपली लेबलं लोकांच्या हातात बघायला. सोनगीरची एक म्हातारी आली, तानुबाई नाव. नवऱ्याचं औषध काल नेलं होतं. पाकीट पुढे करून म्हणाली, "भाऊ, आठे लिखेल शे, सकाळी आधी गोळी. कसाना आधी? चहाना आधी का भाकरना आधी?"

काऊंटरवरचा म्हणाला, "कशाच्या आधी नाही, आजी. अर्धी. अर्धी गोळी."

"मंग मी ते बठ्ठी दिधी ना सकायले."

बठ्ठी म्हणजे अख्खी. त्यानं लेबल बघितलं, मग माझ्याकडे. मी पाकीट हातात घेतलं. 'अधी.' रफार नव्हताच. टोकाला टेकवलेला तो एक ठिपका वेलांटीत बुडून गेला होता. आणि 'अधी' असा काही शब्द नाही, म्हणून वाचणारा त्याला सुधारून घेतो. ती आजी मराठीत सुधारते: आधी, म्हणजे अगोदर. मी आणि बाई आमच्या बोलीत सुधारतो: आधी, म्हणजे अर्धी. आधी रोटी, आधी कटोरी. घरात जन्मभर हेच बोलतोय. बाईनं 'आधी' वाचलं आणि मी बरोबरची खूण केली. डिंपलच्या फोटोलाही मी 'आधी' असंच लिहिलं. वर स्पष्ट म्हणालो.

मी तिथल्या तिथे यंत्र बंद करायला लावलं. एकोणीस तारखेपासून दिलेल्या प्रत्येक पाकिटाच्या माणसाला फोन करा म्हटलं. साहेब चिडले, हे काम तुमच्या हातून गेलं म्हणाले. जाऊ दे. तानुबाईच्या नवऱ्याची गोळी साधी होती, एका जास्तीनं काही होत नाही असं डॉक्टर म्हणाले. ती बाकावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होती, काही होवाव नही ना?

मला नाना दिसत होते. जपून द्यायची गोळी. लवकर संपलेली पाकिटं. मळमळ. मोबाइलवर शोधलं, त्या गोळीचा डोस जास्त झाला की माणसाला काय होतं. तिथं लिहिलंय की सगळं पिवळं दिसतं.

२२ फेब्रुवारी, दुपार

धुळ्याहून सरळ लीलाधरकडे. म्हटलं, लेबलं बंद करा, आत्ता. तो म्हणाला, "ती तर बदलली ना. डिंपलताई येऊन गेल्या सतरा तारखेला. प्रिंटर बिघडला होता म्हणाल्या. दोन दिवस इथंच बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन करत होत्या. आता 'अर्धी' जाऊन 'गोळीचे दोन तुकडे करून एक तुकडा' असं छापून येतं. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

नाही बोलली. सोळाला मला फोटो पाठवला, आणि सतराला सुतकात उठून इथं आली. मी तिला आराम कर म्हटलं होतं.

विचारलं, गिऱ्हाइकांपैकी कुणाला काही झालं का? लीलाधर म्हणाला, तसं काही नाही, दोघंतिघं पूर्ण गोळी घेत होते, पण साध्या गोळ्या. मग म्हणाला, "तोतारामनानांचं मात्र वाईट झालं. कावीळ म्हणे."

मी लीलाधरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो.

२३ फेब्रुवारी

आज नानांचं उत्तरकार्य होतं. जावं की नाही हेच ठरत नव्हतं. सांगावं की नाही हे तर त्याहून नाही. पक्कं कुणालाच माहीत नाही, डॉक्टरही म्हणतील हृदय कमजोर होतं. पण मला माहीत आहे. रावेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ठरवलं होतं की सांगायचं, सगळ्यांसमोर, आणि जे व्हायचं ते होऊ दे.

जेवणं उरकली होती. सुमनबाई ओसरीवर बसल्या होत्या, डिंपल शेजारी. मला बघून डिंपल उठली नाही. मी समोर बसलो. सुमनबाईंनी विचारलं, "बाई कशा हाय?" म्हटलं, बऱ्या आहेत. मग त्या सांगायला लागल्या, येईल त्याला सांगत असणार.

"एक दिवस चुकवली नाई, भाऊ. तुमच्या कागदावर लिव्हेल व्हतं, सकायी आधी गोयी. मी सकायी उठले का चहाच्याबी आधी, तोंड धुवाच्याबी आधी, पयले गोयी त्याइच्या तोंडात. त्याइले नको वाटे, थुकून टाकत. मी मंग गुयाच्या खड्यात घालून दिली. म्हटलं, पोरीनं लिव्हेल हाय, चुकवाचं नाई." पदरानं डोळे पुसले. "तरी गेले. मले सारखं वाटते, माह्यं काही चुकलं का? तुमचंच अक्षर ना ते? मी बरोबर वाचलं ना?"

घरात बायका भांडी घासत होत्या. डिंपल माझ्याकडे बघत होती. आईला सांगू नका, एवढं त्या बघण्यातून मला कळलं. त्या फोटोपासून ती हे एकटी घेऊन बसली होती, आईपाशीच, एका पाटावर.

मी म्हणालो, "बरोबर वाचलंत काकू. अगदी बरोबर."

खोटं नव्हतं. जे छापलं होतं तेच त्यांनी वाचलं. हे लिहितानाही मी स्वतःला तेच सांगतोय, आणि त्यानं काही होत नाही. सुमनबाईंनी मान हलवली, जरा सैल बसल्या, आणि माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं.

निघताना डिंपल गाडीपर्यंत आली. मी म्हटलं, धुळ्याचंही बंद केलं. ती म्हणाली, बरं केलं. मी म्हटलं, डिंपल, तू मला शिवी दे, काही तरी बोल. तिनं गाडीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली.

"एकच विचारायचंय. तेव्हा तुमच्या बाईंनी वाचलं होतं ना लेबल. तुम्ही मला म्हणालात, बरोबर वाचलं. काय वाचलं होतं त्यांनी?"

"आधी," मी म्हटलं.

"माझ्या आईनं पण," ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलायला आत गेली.